शौचालये मोजली, विहिरींचे काय?

१९३२ च्या अखेरीस रत्नागिरीच्या तुरुंगातील एका राजकीय कैद्याने मैलासफाईचे काम मागितले. ते जातीने ठरवून दिलेले काम होते, म्हणून सरकारने नकार दिला. कैद्याने अन्नसत्याग्रह आरंभला आणि त्याच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही डिसेंबरमध्ये उपोषण सुरू केले. हे कैदी म्हणजे कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे, शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातले पुढारी अप्पासाहेब पटवर्धन. स्वातंत्र्यानंतर हा माणूस सत्तेच्या मागे गेला नाही. त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यातच असलेल्या कणकवलीत १९४८ साली त्यांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि मैला, मेलेली जनावरे, चामडे, खत या विषयांत आयुष्य घातले. जातीचा प्रश्न, जमिनीचा कस आणि गावाचे आरोग्य ही त्यांच्या लेखी एकच गोष्ट होती. आपण मात्र या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या खात्यांना वाटून टाकल्या आहेत आणि त्याची किंमत आपल्या विहिरी मोजत आहेत.

महाराष्ट्रात २००० साली आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. हे यश खोटे ठरवण्याचे कारण नाही. पहाटेच्या अंधारात बाहेर जावे लागणाऱ्या बायकांचे कष्ट त्याने संपवले, एवढ्यासाठीही ते मोलाचे आहे. पण या सगळ्यात हिशेब शौचालयांचा झाला. भांड्यातून खाली गेलेल्या मैल्याचे पुढे काय होते, हे कोणी मोजत नाही, आणि रत्नागिरीत नेमके तेच मोजायला हवे. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथला जांभा दगड सच्छिद्र आणि भेगाळ असल्याने ते पाणी झपाट्याने जमिनीत उतरते पण तिथे टिकत नाही, म्हणूनच मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतात. ज्या भेगांतून पाऊस मुरतो त्याच भेगांतून सेप्टिक टँकचे पाणीही विहिरीकडे सरकते. टाकीला शोषखड्डा नसेल किंवा ती वर्षानुवर्षे उपसलेली नसेल, तर घाण फक्त डोळ्यांआड जाते. जुलाब, कावीळ आणि विषमज्वराची वाट मोकळीच राहते.

यावर दोन खड्ड्यांचे शौचालय हा उपाय सरकारी मार्गदर्शनातही आहे. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. बंद खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत निर्धोक खत होते. अप्पासाहेबांची सोनखताची दृष्टी याच दिशेची होती. मात्र कातळावर खड्डा कुठेही खणून चालत नाही; विहिरीपासूनचे अंतर आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी पाहूनच जागा ठरवावी लागते. दाट वाडीत अशी जागा मिळत नसेल, तर मैला उपसणारी गाडी आणि तालुक्यात प्रक्रिया केंद्र हवे. नाहीतर गाडी रिकामी होईल ती जवळच्या पऱ्यातच.

मैलासफाईला सेवेचे तेज चढवणे ही वरच्या जातींची सोय आहे, हा आक्षेप गंभीर आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या एका ग्रंथात अशा गौरवावर कठोर टीका केली आणि ती योग्यच होती. काम पवित्र म्हटल्याने ते करणाऱ्याची सुटका होत नाही. पण म्हणूनच अप्पासाहेबांच्या तुरुंगातल्या कृतीपेक्षा गोपुरीतले प्रयोग मला जास्त महत्त्वाचे वाटतात. ओला मैला कोणालाच हाताळावा लागू नये, अशी रचना शोधणे हे पूजेपेक्षा मोठे काम आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घातली. ती टिकायची तर खड्ड्याची रचनाच तशी हवी.

आता घरोघर नळ आले, विहिरींची काळजी कशाला, असेही म्हटले जाते. परंतु अनेक नळयोजनांचा उद्भव विहीर हाच असतो आणि उन्हाळ्यात नळ आटला की माणसे पुन्हा जुन्या विहिरीवर जातात. पैसा नाही, ही तक्रारही पुरती पटत नाही. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतील ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला होता. पाण्याचे नमुने तपासले जातात, पाण्याला असलेल्या धोक्यानुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्डही मिळते. ती माहिती दप्तरात राहते. तिच्यावरून कोणाचा खड्डा हलवावा लागेल, हे ठरवण्याचे धाडस मात्र पुढारी करत नाहीत, कारण खड्डा हलवायला सांगणे म्हणजे मत गमावणे.

मतदाराने हा धाक कमी केला पाहिजे. येत्या ग्रामसभेत आपल्या वाडीच्या विहिरीचा तपासणी अहवाल मोठ्याने वाचून दाखवायला सांगा आणि विहिरीच्या जवळची टाकी कधी उपसली, तो मैला कुठे गेला, हेही विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.