डोंग्याला मोटर, पण केवढी?

चिखल्याला मँगनीजची खाण. नावेतलं मला काय कळणार, म्हणाल! पण बावनथडीच्या जलाशयात मासे धरणारा माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी आला. "गुरुजी, डोंग्याच्या मागं लावाची १० हॉर्सपॉवरची मोटर घेतो म्हन्तो. कर्ज भेटते."

मी म्हटलं, अडीचची घे.

पाणी कापत जाणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. मग शिडाची होडी असो की आपला डोंगा. १६ फुटांची नाव ताशी १० किलोमीटरच्या आसपास अडते. पुढे कितीही जोर लावा, नाक वर होतं, मागची बाजू बसते आणि पेट्रोल मात्र जळत राहतं. शिवाय १० ची मोटर म्हणजे ४० किलोंचं ओझं, तेही मागच्या एका फळीवर! अडीचची एकट्याला उचलता येते. घ्यायची ती फोर-स्ट्रोकच. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, त्यातलं काही पाण्यात जातं, आणि मासे त्याच पाण्यातले विकायचे. दांडा १५ इंची की २० इंची, ते फळीची उंची मोजून ठरव. पंखा पाण्याखाली राहिला पाहिजे. आणि वल्हं डोंग्यातच राहू दे.

"पन धाची दिसते भारी," तो म्हणाला.

हप्ते दिसण्यावर फिटत नाहीत, हे मी जरा मास्तरी आवाजातच सांगितलं. फळी मोजायला माझी टेप घेऊन गेलाय. अजून आणून दिली नाही.