दोघांसाठी कुठली रांग?

अमेरिकेला ऑनसाइट गेलेल्या पुणेकर जोडप्याचा एक फोटो ठरलेला असतो. मागे डिस्नेलँडचा गुलाबी किल्ला, पुढे दोघं, बायकोच्या डोक्यावर मिकीचे कान आणि नवऱ्याच्या पाठीवर ठेपल्यांची सॅक. आणि त्या फोटोच्या आदल्या आठवड्यात ऑफिसच्या लंच टेबलवर झालेली एक चर्चाही ठरलेली असते. "रांग टाळायचा पास घ्यायचा का रे?" उत्तर पण ठरलेलं. "घेऊन टाक. नाहीतर अख्खा दिवस रांगेत जातो."

माझं मत उलटं आहे. दोघंच जाणार असाल, धडधाकट असाल, तर तो पास घेऊ नका. कारण काटकसरीचं नाही (पुणेकर असूनही!). कारण रांगेचं आहे.

आधी थोडा इतिहास. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. तेव्हा आत शिरायचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे वेगळे. म्हणजे आपल्या जत्रेसारखंच, आकाशपाळण्याचं तिकीट निराळं. मग कूपनांची पुस्तकं आली. १९५९ पासून सगळ्यात भारी राइड्सना 'ई' तिकीट लागायचं. १९८२ मध्ये हे सगळं बंद झालं. एकदा दारात पैसे भरा, आत सगळं सारखं. १९९९ मध्ये फास्टपास आला, पण तो फुकट होता. कागदी चिठ्ठी घ्यायची आणि दिलेल्या वेळेला परत यायचं. म्हणजे जास्तीचे पैसे न भरता कोणालाही मिळणारा. २०२१ मध्ये त्याच्या जागी 'लाइटनिंग लेन' आली, आणि तिला पैसे पडतात. आता अनेक राइड्ससाठी एकत्र पास घ्यायचा तर माणशी ३० डॉलरच्या वर. २०२४ मध्ये त्याच्याही वरचा 'प्रीमियर पास' आला, तो माणशी ३०० डॉलरपासून पुढे. गर्दीच्या दिवशीचं नुसतं प्रवेशाचं तिकीटच २०० डॉलरच्या वर गेलंय, हे सगळं त्याखेरीज.

थोडक्यात, दारात पैसे भरले की आत सगळे एका पायरीवर, ही गोष्ट साधारण चाळीस वर्षं टिकली.

आता आपल्या धंद्यातलं गणित. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतली माणसं म्हणजे माणसं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. समजा एक राइड तासाला १२०० माणसं नेते आणि तुमच्या पुढे ६०० जण उभे आहेत. तुमचा नंबर अर्ध्या तासात लागेल. आता प्रत्येक दुसरी सीट पासवाल्यांना द्या. पुढची माणसं तेवढीच, पण तुमची रांग तासाला ६०० च्या वेगाने सरकणार. अर्ध्या तासाचा एक तास झाला. राइडचा वेग एका माणसानेही वाढलेला नाही. पासवाल्याचा वाचलेला वेळ हवेतून आलेला नाही, तो शेजारच्या रांगेतून आलाय. ज्यांनी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर दिलाय त्यांना प्रायॉरिटी क्यू आणि 'स्टार्व्हेशन' आठवेल. इथे उपाशी राहणारी प्रोसेस म्हणजे वर्षभर पैसे साठवून पोरांना घेऊन आलेलं कुठलंतरी कुटुंब असतं.

यावर नेहमीचा युक्तिवाद असा, की अरे, विमानात बिझनेस क्लास असतो, हॉटेलात मोठी खोली असते, मग इथेच काय बिघडलं? मला फरक दिसतो. मी मोठी खोली घेतली म्हणून शेजारच्याची खोली लहान होत नाही. मी रांगेत पैसे भरून पुढे गेलो की शेजारचा मागे सरकतो, आणि त्याला ते डोळ्यांसमोर दिसत असतं.

गंमत म्हणजे हे आपल्याला देवळात बरोबर कळतं. तिरुमलाला ३०० रुपयांचं स्पेशल दर्शन आहे, शिर्डीलाही पैसे भरून दर्शनाचा पास मिळतो. पंढरपूरला आषाढीत पदस्पर्श दर्शनाची रांग पार गोपाळपूरपर्यंत जाते. त्या रांगेत ओळखदेख नसलेला माणूस आपल्याला माऊली म्हणतो, पाण्याची बाटली पुढे करतो. आणि तिथे कोणी व्हीआयपी मधूनच आत गेला की आपण चिडतो. वर्तमानपत्रात त्याची बातमी होते. अनाहाइममध्ये मात्र तो मधून जाणारा व्हीआयपी आपणच असतो, आणि त्याला आपण 'स्मार्ट प्लॅनिंग' म्हणतो.

आता दोघांचा प्रश्न. अशा पार्कात काही राइड्सना तिसरीही रांग असते, 'सिंगल रायडर'. एकट्याने बसायची तयारी असेल तर ती लवकर सरकते. इंजिनिअर म्हणून मला ही रांग फार आवडते, कारण ती कोणाचं काही काढून घेत नाही. डिस्नेलँडच्या शेजारच्या पार्कात रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्स म्हणून राइड आहे. तिथे एका ओळीत तीन सीट. जोडपं बसलं की एक सीट रिकामी, तिथे एकटा माणूस भरायचा. वाया जाणारी जागा वापरली गेली, बस्स.

म्हणजे जोडप्यापुढे तीन पर्याय: पैसे द्या आणि लवकर जा, वेगवेगळे बसा आणि लवकर जा, किंवा एकत्र उभे राहा आणि उशिरा जा. आम्ही गेलो होतो तेव्हा बायको म्हणाली, "अरे, वेगळंच बसायचं तर दोघं कशाला आलो?" मला हा प्रश्न त्या पासलाही लागू वाटतो. राइड असते दोन-तीन मिनिटांची आणि त्यात नुसतं किंचाळणं. बोलणं होतं ते रांगेत. आम्ही त्या दिवशी रांगेत पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता, आईचा गुडघा आणि परत कधी जायचं, हे सगळे विषय काढले. घरी असताना एकाचा कॉल संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो. चाळीस मिनिटं लॅपटॉपशिवाय शेजारी उभं राहायला मिळणं, हे आपल्यासारख्यांना इतर कुठे मिळतं सांगा. पास घेऊन पळालेल्या जोडप्यातला एक जण दिवसभर ॲपमध्ये पुढचा स्लॉट शोधत असतो. म्हणजे सुट्टीतही काम चालूच.

माझं म्हणणं सगळ्यांना लागू नाही. सोबत म्हातारे आई-वडील असतील, लहान मूल असेल, कोणाला उभं राहणं झेपत नसेल, तर सोय जरूर शोधा. अशांना पुढे जाऊ देणं हा रांगेचाच जुना रिवाज आहे. मी बोलतोय ते तिशीतल्या, जिमला जाणाऱ्या आपल्याबद्दल. आपण सकाळी दार उघडताना पोचू शकतो, वीस राइड्सच्या यादीतल्या पाच निवडू शकतो. बाकीच्या राहिल्या तर राहिल्या.

डिस्नेलँड उघडल्यावर नऊ महिन्यांनी, ८ एप्रिल १९५६ ला, पुण्यात पेशवे पार्कात फुलराणी धावायला लागली. डिस्नेलँडलाही पहिल्या दिवसापासून पार्काभोवती फिरणारी आगगाडी आहे. दोन्हीकडची युक्ती एकच: मोठ्यांनाही पोरांइतकंच खूश करायचं. फुलराणीपुढे कित्येक पुणेकरांनी लहानपणी रांग लावली आहे. बंगल्यातलं पोर आणि वाड्यातलं पोर एकाच डब्यात बसून त्याच झाडांभोवती फिरलं. तेव्हा कोणाचं काही अडलं नाही. तिथे शिकलेली रांग परदेशात गेल्यावर विसरायचं काही कारण मला तरी दिसत नाही.

असो. बघा पटतंय का. नसेल पटत तर पास घ्या, पण शेजारून जाताना त्या लांब रांगेकडे एकदा नजर टाका.