इंजेक्शन स्वस्त होईल. केस पेपरचे काय?

यंदाचा रमजान संपता संपता औषधांच्या बाजारात मोठी उलथापालथ होणार आहे. वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांमधले प्रमुख औषध म्हणजे सेमाग्लुटाइड. त्याचे भारतातले पेटंट मार्च २०२६ मध्ये संपत असून देशी कंपन्या स्वस्त पर्याय घेऊन तयार आहेत. २०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये खास वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले, तेव्हा महिन्याचा खर्च हजारो रुपयांत होता. आता हे इंजेक्शन तालुक्याच्या मेडिकल स्टोअरपर्यंत पोहोचेल.

औषधाची गरज आहे, यात शंका नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. औषध परिणामकारकही आहे. मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींवरील सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन घटले. मात्र उपचार थांबवल्यावर वर्षभरात त्यातले सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. म्हणजे हा महिना-दोन महिन्यांचा कोर्स नव्हे. इतके दिवस जे औषध घ्यायचे, ते कोणाला द्यायचे, हे नुसत्या वजनकाट्यावरून ठरत नाही.

काटा किती फसवा असतो, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बांधा सडपातळ दिसत असूनही भारतीय माणसाला मधुमेह गाठतो, त्यामागे हेही कारण आहे. म्हणून डॉक्टरांना पोटाचा घेर, घरातला मधुमेह आणि मागचे आजार विचारावे लागतात.

समजा, पन्नाशीतली एक गृहिणी वाढलेल्या वजनाची तक्रार घेऊन दवाखान्यात आली. वजन थायरॉइडमुळे वाढले, सांधेदुखीसाठी घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांमुळे, की मानसिक आजारावरच्या औषधामुळे? कारण तसेच ठेवून इंजेक्शन दिले तर मूळ आजार राहूनच जातो. तिला पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का? पित्ताशयात खडे होते का? मधुमेहाने डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे का? यातल्या एकाचेही उत्तर 'हो' आले, तर औषध टाळावे लागते किंवा जपून द्यावे लागते. तिला स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर हे औषध वर्ज्यच आहे. मूल हवे असलेल्या तरुणीने सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करायचे असते.

हे प्रश्न विचारायला दहा मिनिटे लागतात. गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत. चिठ्ठीशिवाय औषध देणाऱ्या दुकानात तर प्रश्नच येत नाही. रुग्णाकडूनही माहिती दडते. मनोविकाराची गोळी सांगायला लाज वाटते. गर्भपाताचा विषय सासूसमोर निघत नाही. बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबत आलेला नवरा देतो. जुन्या फायली घर बदलताना रद्दीत गेलेल्या असतात.

रमजानमध्ये हा पूर्वेतिहास आणखी महत्त्वाचा ठरतो. सध्या रोजा जवळपास १३ तासांचा आहे. या इंजेक्शनांनी भूक मंदावते, पोट सावकाश रिकामे होते आणि सुरुवातीला मळमळ, उलट्या होऊ शकतात. सहरीला घास उतरला नाही, इफ्तारनंतर उलटी झाली आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही, तर आधीच नाजूक असलेल्या मूत्रपिंडावर ताण येतो. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ऐन रमजानच्या तोंडावर हे औषध सुरू करणे किंवा डोस वाढवणे योग्य नाही.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रोजे ठेवणाऱ्यांसाठी केलेल्या मार्गदर्शक सूत्रांत जोखमीला गुण दिले आहेत. मधुमेह किती वर्षांचा, साखर कधी खूप खाली गेली होती का, मूत्रपिंड आणि हृदय कसे आहे, इतकेच नव्हे तर मागचा रमजान कसा गेला, हेही त्यात विचारले जाते. ही तपासणी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हावी, असे सूत्रे सांगतात. साखर ७०च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडावा, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे. धर्माचीही आडकाठी नाही. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची आणि ज्याला ते शक्यच नाही त्याला फिदिया देण्याची मुभा आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात.

हीच गोष्ट निर्जळी एकादशी करणाऱ्या आजीला, नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या काकूंना आणि पर्युषणात अठाई करणाऱ्या जैन शेजाऱ्यालाही लागू आहे. आपल्या गावांत वर्षाचा कुठलाच महिना उपासाविना जात नाही. तरी 'उपास करता का, कोणते, पाणी पिता का?' हा रकाना केस पेपरवर क्वचितच दिसतो.

तो रकाना छापायला खर्च नाही. तोवर घराघरांत एक साधी वही ठेवता येईल: आजार, शस्त्रक्रिया, बाळंतपणे, चालू गोळ्या, कशाची ॲलर्जी आहे, आईवडिलांचे आजार आणि वर्षातले उपास-रोजे. ईदनंतर स्वस्त झालेले इंजेक्शन घ्यायचा विचार असलेल्यांनी आधी ही वही घेऊन डॉक्टरांसमोर बसावे. काही प्रश्न नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगून विचारावेत, एवढी काळजी डॉक्टरांनीही घ्यावी.