अपुऱ्या दिवसांची बालके व आपले कर्तव्य

सातव्या महिन्यातील मूल जगते, आठव्यातील जगत नाही, अशी समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वैद्यकशास्त्राने ती केव्हाच खोटी ठरविली. मातेच्या उदरात लाभलेला प्रत्येक आठवडा बालकाचे बळ वाढवितो. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे मूल. आणि जागतिक अंदाजानुसार २०२० साली एकट्या भारतात अशी सुमारे ३० लाख मुले जन्मली. त्यांना जगविण्याची विद्या आज आपल्यापाशी आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात निघाली, याचा आम्हांस रास्त अभिमान वाटतो.

परंतु काचेच्या पेटीतून मूल आईच्या कुशीत आले म्हणजे सारे संपले, असे मानणे ही नवी गैरसमजूत होय. खरी कसोटी तेथून पुढे लागते. अशा बालकाच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. ती विकृत झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळे निरोगी दिसतात आणि तेथेच घात होतो. जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने तपासणी केली, तर वेळीच उपचार होऊन दृष्टी वाचू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. त्यांची बुद्धी सरासरीने सर्वसाधारण मर्यादेत आढळली. गणितासारख्या विषयांत मात्र ती मागे पडली. या मुलांना दया नको आहे. दीर्घकाळ लक्ष देणारी माणसे हवी आहेत.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला व जिल्ह्याजिल्ह्यांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आखली गेली. पण केंद्रापर्यंत बालकास न्यायचे कोणी? पेटीपाशी महिना-दीड महिना काढणाऱ्या नोकरदार आईची रजा तेथेच सरत जाते. २०१७ साली ही पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर गेली, हे योग्यच झाले. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे आजार उद्भवल्यास आणखी एक महिना देण्याची तरतूद तर १९६१ च्या कायद्यातच होती. परंतु तिचा आधार मातेचा आजार, बालकाची निकड नव्हे.

म्हणून बालक जितके दिवस रुग्णालयात राहील, तितके दिवस आईच्या रजेत मिळविले जावेत, ही आमची पहिली मागणी. नेत्रतपासणीची व पुढील भेटींची तारीख लेखी दिल्यावाचून असे एकही बालक घरी धाडू नये, ही दुसरी.

वाचकांसही एक विनंती. अशा घरी गेल्यावर ‘अजून बसत कसे नाही?’ असे विचारू नये. त्या बालकाची प्रगती प्रसूतीच्या अपेक्षित दिवसापासून मोजावी, असे वैद्य सांगतात. जे आठवडे उदरात मिळावयाचे राहिले, ते आता घराने, कचेरीने व शासनाने मिळून भरून द्यावयाचे आहेत.