स्पीड वाढवला, पण अडकला कुठे?

“हॅलो? अगं, फ्रीझ झालीयेस तू!”

गेल्या महिन्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की बस्स. पण त्या मंगळवारी ते जरा जास्तच महागात पडलं. सकाळी अकराला एका संपादकांबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. फ्रीलान्सरसाठी दर महिन्याचं ठरलेलं काम म्हणजे काय, हे एक तारखेला पगार जमा होणाऱ्यांना नाही कळायचं! तीन आठवडे तयारी केली होती. नेमकी आयडिया सांगायला तोंड उघडलं आणि स्क्रीनवर माझा पुतळा झाला... तोंड उघडं ठेवलेला. दोनदा पुन्हा जॉइन झाले. तिसऱ्यांदा त्यांचाच मेसेज आला, ‘आपण नंतर बोलू.’

आमच्या लाइनमध्ये ‘नंतर बोलू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

जाम सटकली. तासाभरात मी प्लॅन अपग्रेड करून मोकळी! १०० एमबीपीएसचा थेट ३००. महिना ९९९, वर १८ टक्के जीएसटी, आणि ऑफर हवी तर सहा महिन्यांचे पैसे एकदम. झाले ७,०७३ रुपये. संध्याकाळी ऐटीत बेडरूममधल्या टेबलाशी बसून स्पीड टेस्ट लावली. किती? १९! आणि अपग्रेडच्या आधी? साधारण तेवढाच.

दुसऱ्या दिवशी टेक्निशियन दादा आले. मी भांडणाच्या तयारीत. त्यांनी शांतपणे बॅगेतून वायर काढली. “ताई, आधी वायर लावून बघू.” भिंतीवरच्या फायबरच्या डब्याला लॅपटॉप थेट जोडला: २९६. मग माझ्या राऊटरला जोडला: ९४. वायफायवर बेडरूममध्ये तोच १९.

“घरापर्यंत फुल्ल येतंय ताई. घरात अडकतंय.”

राऊटर मी जुन्या फ्लॅटमधून आणलेला. त्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे. म्हणजे ३०० काय, १००० चा प्लॅन घेतला तरी त्यातून ९४-९५ च्या वर काही निघणार नाही. त्यात तो ठेवला होता दारामागे, चपलांच्या रॅकवर. वायर तिथून आत येते म्हणून! आणि लॅपटॉप कायम २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायवर. हा लांब पोहोचतो, पण संथ. आणि शेजारपाजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ अशी सगळी गर्दी याच पट्ट्यात. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण भिंती आल्या की दमतो.

“पण व्हिडिओ कॉलला १९ पुरत नाही का?” मी विचारलं. दादा हसले. “पुरतो की! चार-पाच खूप झाले. पण टिकायला पाहिजे ना.” मग त्यांनी किचनमधला मायक्रोवेव्ह चालू केला आणि टेस्ट पुन्हा लावली. १९ चा झाला ३.

मायक्रोवेव्हही त्याच २.४ च्या आसपास चालतो. आमचा बरोबर राऊटर आणि बेडरूमच्या मध्ये. आणि मंगळवारी अकरा वाजता माझी रूममेट काय करत होती? कालची खिचडी गरम!

उपाय काय झाला? डब्यापासून टेबलापर्यंत पंधरा मीटरची लॅन केबल. खर्च साधारण चारशे रुपये. खरं तर जुन्या शंभरवरही हे मस्त चाललं असतं. एचडी कॉलला चारेक, फोर-के सिनेमाला पंधराएक एमबीपीएस लागतात. आम्ही दोघी एकाच वेळी सगळं चालू करून बसलो तरी पन्नास ओलांडत नाही.

तेव्हा मंडळी, कार्ड स्वाइप करण्याआधी दहा मिनिटं काढा. एकदा वायर लावून टेस्ट करा, एकदा वायफायवर, रोज बसता त्या जागी. वायरवर प्लॅनएवढा स्पीड असेल तर दुखणं घरातच आहे. वायरवरही कमी असेल, तर आधी तक्रार; अपग्रेडचं नंतर. वायरवर पूर्ण स्पीड येऊनही घरातल्यांना पुरत नसेल, तरच मोठा प्लॅन. तोही आधी एकच महिना! अपलोड किती आणि डेटाची मर्यादा संपल्यावर स्पीड किती उरतो, हे विचाराच. आणि त्याच बिल्डिंगमध्ये तेच कनेक्शन असलेल्या कुणाला तरी रात्री नऊला टेस्ट लावायला सांगा. जाहिरातीतला आकडा बिट्सचा असतो, डाउनलोडचा बाइट्सचा. आठने भागा, १०० म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. नुसत्या ‘ब्रॉडबँड’ शब्दावर तर जाऊच नका. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ते ५१२ झालं आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस!

संपादकांना मी खरं कारण लिहून मेल टाकला, खिचडीसकट. परवा पुन्हा मीटिंग झाली. वायर लावून, आणि रूममेटला अकरा ते बारा मायक्रोवेव्हबंदी करून. काम मिळालं की नाही, ते अजून कळायचंय. पण या वेळी त्यांचं ‘नंतर बोलू’ निदान शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट ऐकू आलं!