अर्धस्थायी प्रावस्थांचा हिशेब

राइट बंधूंच्या विमानाने १७ डिसेंबर १९०३ रोजी उड्डाण केले, तेव्हा त्याच्या इंजिनाची ओतीव क्रँककेस सुमारे आठ टक्के तांबे असलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तिच्या धातूत तांब्याच्या अणूंचे अतिसूक्ष्म पुंज आढळले. तापवून एकदम थंड केलेला असा मिश्रधातू काही काळाने आपोआप कठीण होतो, हे आल्फ्रेड विल्म यांना जर्मनीत १९०६ मध्ये दिसले. आणि त्यामागील पुंज गिनिए व प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे ओळखले. क्रँककेस ओतणाऱ्यास यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

विद्यार्थ्यांस शिकविला जाणारा समतोल-आलेख या बाबतीत जवळजवळ मौन पाळतो. ५४८ अंश सेल्सिअसला घन ॲल्युमिनियममध्ये वजनाने ५.६५ टक्के तांबे विरघळते. साध्या तापमानाला अगदीच थोडे. उरलेले तांबे 'थीटा' या संयुगाच्या रूपाने वेगळे व्हावे, असे आलेख सांगतो. प्रत्यक्षात आधी पुंज, मग थीटा-द्विप्राइम, मग थीटा-प्राइम व सरतेशेवटी थीटा असा क्रम लागतो. घाटावरून उतरणारे पाणी वाटेतील डोहात थांबावे, तशा या मधल्या अर्धस्थायी प्रावस्था होत. आणि धातूचे बळ त्यांच्यातच असते. थीटापर्यंत मजल गेली की ते ओसरू लागते.

या अवस्थांचे गणित आता संगणकावर मांडता येते. प्रत्येक प्रावस्थेची मुक्त ऊर्जा तापमान व घटकप्रमाण यांच्या सूत्रात लिहावयाची आणि एकूण ऊर्जा कमीत कमी कोठे होते ते शोधावयाचे. लॅरी कॉफमन व बर्नस्टीन यांच्या १९७० मधील ग्रंथाने या पद्धतीचा पाया घातला. अर्धस्थायी प्रावस्था हवी असल्यास स्थायी प्रावस्थेला हिशेबातून मुद्दाम वगळतात. ही युक्ती निर्दोष आहे. सदोष असतो तो तिच्यावरील आंधळा विश्वास. थीटाची उष्णता मोजता येते, परंतु थीटा-प्राइम पुरेशा प्रमाणात वेगळा काढून मोजणे दुरापास्त. त्याचा आकडा पुष्कळदा अन्य निरीक्षणांशी जुळवून बसविलेला असतो. शिवाय त्याच्या पत्र्या काही नॅनोमीटरच जाड असतात. तेथे पृष्ठभागाची व ताणाची ऊर्जा वगळून भागत नाही.

वुल्व्हर्टन व ओझोलिन्श यांनी २००१ मध्ये क्वांटम-गणिताने दाखविले, की निरपेक्ष शून्यापाशी थीटा-प्राइमचीच ऊर्जा कमी असते. तापमान वाढल्यावर अणुकंपनांच्या एंट्रॉपीमुळे थीटा वरचढ ठरतो. दीर्घकाळ गृहीत धरलेला क्रम एका गणिताने असा सशर्त झाला. हे पाठ्यपुस्तकांत येण्यास आणखी किती वर्षे लागावीत?

तापणाऱ्या सिलिंडर-हेडमध्ये हा वाद पुस्तकी राहत नाही. अडीचशे अंशांपुढे नेहमीच्या मिश्रधातूतील थीटा-प्राइम जाड होऊन थीटात बदलतो व भाग मऊ पडतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मँगनीज व झिर्कोनियम घातलेल्या मिश्रधातूंत तो साडेतीनशे अंशांच्या आसपासही टिकविला, कारण ती मूलद्रव्ये पत्र्यांच्या सीमेवर गोळा होतात. सीमेचा विचार नसलेल्या कोष्टकातून हे उमगले नसते. आराखडा करणाऱ्यास झटपट उत्तर हवे असते, ही अडचण खरी. तरीही प्रत्येक आकडा मोजलेला, गणिताने काढलेला की जुळवून घेतलेला, हे कोष्टकात त्याच्याशेजारीच छापलेले असावे.