लघवीतले रक्त आणि अहवालातला शब्द



गेल्या महिन्यात वसमत तालुक्यातील एक तरुण वडिलांचा तपासणी अहवाल घेऊन माझ्याकडे आला. वडिलांना मूत्राशयाचा कर्करोग. अहवालात ‘पी-५३ पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले. गावातल्या कुणीतरी सांगितले, आता उपयोग नाही, पैसा घालवू नका. तो विचारत होता, “काका, पुढे न्यावं का घरीच ठेवावं?”

मी काही डॉक्टर नाही. परंतु विचारपूस करून जे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे.

पी-५३ हे आपल्या पेशीतलेच एक प्रथिन. पेशी बेसुमार वाढू नये म्हणून ते राखण करते. ते बिघडले की पेशीत साचते आणि गाठीच्या तुकड्यावर रंग घालून पाहिल्यास दिसते. की-६७ नावाच्या दुसऱ्या प्रथिनावरून शंभरातल्या किती पेशी वाढीला लागल्या आहेत हे मोजतात. ही प्रथिने जास्त दिसली तर रोग आक्रमक असण्याचा संभव वाढतो. परंतु संभव म्हणजे निकाल नव्हे. एकट्या अशा खुणेवरून कोणाचे आयुष्य ठरत नाही.

लघवीतले एनएमपी-२२ हे प्रथिन तपासण्यास अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. पण मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी ते वाढते. म्हणून दुर्बिणीची तपासणी टळत नाही.

खरा प्रश्न असतो तो गाठ मूत्राशयाच्या स्नायूत शिरली आहे की आतल्या अस्तरापुरतीच आहे हा. निदानाच्या वेळी शंभरातील सुमारे सत्तर रुग्णांत ती स्नायूपर्यंत गेलेली नसते. अशी गाठ दुर्बिणीतून काढता येते. गरज पडल्यास क्षयाच्या लसीतले बीसीजी मूत्राशयात सोडतात. हा उपचार १९७६ पासून माहीत आहे. मात्र गाठ पुन्हा उद्भवते, म्हणून ठरल्या तारखेला तपासणी चुकवू नये.

आपल्याकडे लघवीला त्रास झाला की ‘उन्हाळी लागली’ म्हणून धन्याचे पाणी देतात. उन्हाळीत जळजळ होते. जळजळ नाही, दुखत नाही, पण रक्त गेले, तर ते एकदाच जाऊन थांबले तरी डॉक्टरांना दाखवा. बिडी-सिगारेट हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, हे आपल्या घरातल्या कर्त्या पुरुषांना सांगा.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

सर्वांनी टाकून दिलेल्या आजारी भिक्खूवर तथागतांनी स्वतःच्या हातांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. त्या मार्गाचे आपण उपासक. अहवालातल्या एका शब्दावर आपला माणूस घरी कसा ठेवायचा?

तो तरुण वडिलांना घेऊन नांदेडला गेला.

नमो बुद्धाय, जयभीम.